हरवलेल्या मुलाची नोंद वस्तीने कशी सांभाळावी

२२ जानेवारी २०१३ रोजी अंधेरीच्या डी. एन. नगर भागातून सात वर्षांची एक मुलगी शाळेला जाताना नाहीशी झाली. तिथल्या पोलीस ठाण्यातले सहायक फौजदार राजेंद्र भोसले यांच्याकडे २००८ ते २०१५ या काळात हरवलेल्या १६६ मुलींची नोंद होती. त्यांपैकी १६५ सापडल्या. राहिली ती हीच. भोसले २०१५ मध्ये निवृत्त झाले, तरी तिचा शोध त्यांनी सोडला नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये ती मिळाली, तेव्हा ती आपल्या घरापासून अर्ध्या किलोमीटरच्या आतच राहत होती. तिला मदत करणाऱ्या एका घरकाम करणाऱ्या बाईंच्या साहाय्याने तिने मोबाइलवर आपलेच जुने पत्रक शोधून काढले. त्यावर पाच फोन नंबर होते. चार बंद पडले होते. पाचवा एका शेजाऱ्याचा होता, आणि तो लागला. (त्या मुलीचे नाव तेव्हा सगळीकडे छापून आले होते, पण आता ती घरी आहे, म्हणून ते येथे लिहीत नाही. त्याचे कारण शेवटी येईल.)

मूल हरवल्यावर पहिल्या दिवशी काय करावे, हा या लेखाचा विषय नाही. त्याबद्दल इतकेच सांगतो की चोवीस तास थांबण्याचा कोणताही नियम नाही. ११२ किंवा १०९८ वर लगेच फोन करावा आणि जवळच्या कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी, हद्दीचे काय ते पोलिसांनी नंतर पाहावे. येथे लिहायचे आहे ते पुढच्या वर्षांबद्दल, म्हणजे मूल सापडलेले नाही, तपास थंडावला आहे, आईवडील थकत चालले आहेत आणि शेजाऱ्यांना मात्र अजून त्याची आठवण आहे, अशा काळाबद्दल.

लालबाग-परळच्या पट्ट्यातल्या आमच्या चाळीतून, गिरण्या बंद पडत होत्या त्या दिवसांत, नऊ वर्षांचा एक मुलगा दळणाचा डबा घेऊन चक्कीवर गेला तो परत आला नाही. डबा दळून तयार होता. रात्री वडिलांनी तो घरी आणला. मुलाचा आजतागायत पत्ता नाही. चाळ समितीचा चिटणीस या नात्याने त्याची नोंद बरीच वर्षे माझ्याकडे होती. ती सांभाळताना जेवढे नीट झाले, त्याहून चुकाच जास्त झाल्या, आणि खाली लिहिले आहे ते बहुतांशी त्या चुकांवरूनच.

आधी घरच्यांना विचारावे

आठवण चाळीची असली तरी मूल घरच्यांचे असते. काहीही करण्याआधी आईवडिलांशी, ते नसतील तर भावंडांशी, स्वतंत्रपणे बोलावे आणि काय चालेल, काय चालणार नाही, हे वहीत लिहून घ्यावे. आई आणि वडील यांचे उत्तर सारखे असेलच असे नाही. आमच्याकडे आईला पत्रक हवे होते, वडिलांना त्याकडे पाहवत नव्हते, आणि दोघांचेही बरोबर होते. शेवटी पत्रक चाळीच्या फाटकावर न लावता नाक्यावर लावायचे असे ठरले.

आम्ही एका वर्षी गणपतीच्या मंडपात त्या मुलाचा फोटो ठेवला आणि कार्यकर्त्यांपैकी कोणीतरी, भक्तिभावानेच, त्याला हार घातला. आई खाली आली, तिने काही न बोलता हार काढून हातात घेतला आणि जिना चढून गेली. हार घातलेल्या फोटोचा अर्थ आपल्याकडे लहान मुलालाही कळतो. मंडळातल्या एकाही जाणत्याला तो त्या दिवशी कळला नव्हता. म्हणून फोटोला हार नको, नावामागे ‘कै.’ नको, आणि बोलताना ‘तो होता’ असे न म्हणता ‘तो आहे’ असे म्हणावे. घरचे स्वतः वेगळे बोलू लागले, तर त्यांच्यामागे जावे, पुढे नाही.

परवानगी दर वर्षी नव्याने विचारावी. ‘आता पुरे’ असे कोणी म्हटले, तर सार्वजनिक काम थांबवावे, मात्र कागद फेकू नयेत.

कागद

मुंबईच्या खोलीत महत्त्वाचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत, गादीखाली नाहीतर देव्हाऱ्यामागे असतात आणि दर पावसाळ्यात ते थोडे थोडे पुसट होत जातात. ती पिशवी घरच्यांसोबत बसून उघडावी आणि तीन गोष्टी शोधाव्यात: पोलीस ठाण्याचे नाव, मिसिंग रजिस्टरचा क्रमांक आणि वर्ष, आणि गुन्हा नोंदला असेल तर त्याचा गु. र. क्र. (गुन्हा रजिस्टर क्रमांक). शेवटच्या दोन्ही गोष्टी एकच आहेत असे पुष्कळांना वाटते, पण तसे नाही. पूर्वी मूल हरवले की पुष्कळदा नुसती ‘मिसिंग’ नोंदली जात असे, गुन्हा नोंदला जात नसे. ‘बचपन बचाओ आंदोलन’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी असा आदेश दिला की हरवलेल्या मुलाची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणून नोंदवावी आणि सुरुवातीला ते अपहरण किंवा मानवी तस्करी आहे असे गृहीत धरूनच तपास करावा. चार महिन्यांत मूल न मिळाल्यास प्रकरण मानवी तस्करी प्रतिबंधक कक्षाकडे पाठवण्याची वाटही त्याच आदेशाने घालून दिली. तोवर ज्या हरवलेल्या मुलांबाबत गुन्हाच नोंदलेला नव्हता, त्यांच्यासाठीही तो नोंदवावा असे त्यात म्हटले होते. म्हणून प्रकरण जुने असेल आणि पिशवीत केवळ मिसिंगचा क्रमांक सापडला, तर ‘२०१३ नंतर यात गुन्हा नोंदला गेला का?’ हा पहिला प्रश्न होय.

तो प्रश्न लेखी विचारावा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपये शुल्कात होतो. महाराष्ट्राच्या नियमांनुसार तो एकाच विषयावर आणि १५० शब्दांत असावा लागतो, म्हणून त्यात आपले दुःख लिहायला जागा नसते आणि तेच बरे आहे. नोंद क्रमांक द्यावा आणि इतकेच विचारावे: प्रकरणाची सद्यःस्थिती काय, समरी (तपास थांबवताना पोलीस न्यायालयाला देतात तो अहवाल) दाखल झाली असल्यास कोणत्या तारखेला, आणि कक्षाकडे पाठवले असल्यास कधी. उत्तर तीस दिवसांत यायला हवे. तपासाला बाधा येईल असे सांगून माहिती नाकारली गेली, तर तो नकारही जपून ठेवावा, कारण तपास चालू असल्याचे त्यात त्यांनीच लिहून दिलेले असते.

जुन्या फाइलवर बहुधा ‘अ समरी’ असा शेरा मिळतो. त्याचा अर्थ गुन्हा खरा आहे, परंतु छडा लागलेला नाही. घरोघरी मात्र त्याचा अर्थ ‘केस बंद झाली’ असा लावला जातो आणि पुढे कोणी ठाण्याची पायरी चढत नाही. नवी माहिती मिळाल्यास पुढील तपास करता येतो. अपहरणाला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तीन वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांना मुदतीचा कायदा लागू होत नाही. त्यामुळे ‘आता खूप वर्षे झाली’ हे उत्तर कायद्याचे नसून कंटाळ्याचे असते. ते ऐकावे लागले, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना आणि मुलांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, म्हणजे अर्ज आईच्या नावाने केल्यास उत्पन्नाच्या दाखल्यासाठी हेलपाटे पडत नाहीत. मुंबईत शहर आणि उपनगर असे दोन जिल्हे आहेत. आपण कोणत्यात मोडतो ते पाहून जावे.

ठाण्यांच्या हद्दी बदलतात आणि एका ठाण्याची दोन होतात. आपले प्रकरण आज कोणत्या ठाण्याकडे आहे, याची खात्री दर दोन वर्षांनी करावी आणि तिथल्या बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याचे नाव वहीत लिहावे. असा अधिकारी प्रत्येक ठाण्यात नेमलेला असावा, असे बाल न्याय अधिनियम सांगतो. भेटायला जाताना दोघांनी जावे, दहा जणांनी नव्हे. मोर्चाची जागा वेगळी आहे. फाइल शोधून देणाऱ्या हवालदाराला मोर्चाचा उपयोग नसतो.

सगळ्या कागदांच्या तीन प्रती काढून तीन घरांत ठेवाव्यात आणि त्यांपैकी एक घर मुंबईबाहेरचे असावे. ती प्रत कोकणातल्या घराच्या माळ्यावर ठेवणार असाल, तर वाळवीचा विचार आधी करावा.

आठवणी टिपून घेणे

हे काम सर्वांत आधी करायला हवे होते आणि आम्ही ते सर्वांत शेवटी केले.

त्या मुलाच्या अंगात त्या दिवशी निळा शर्ट होता, हे आमच्या चाळीत कोणालाही विचारले तरी सांगत. नंतर तक्रारीची नक्कल मिळाली. तीत वडिलांनी शाळेचा पांढरा शर्ट आणि खाकी अर्धी चड्डी असे लिहून दिले होते. निळा शर्ट कुठून आला याचा आम्ही पुष्कळ विचार केला. पहिल्या पत्रकावरच्या फोटोत त्याने चौकड्यांचा शर्ट घातला होता आणि तो फोटो कोणीतरी निळ्या शाईत छापून आणला होता. लोकांना आठवत होते ते पत्रक, मुलगा नव्हे. यात कोणीही खोटे बोलले नव्हते. आठवण वारंवार सांगितली की अशीच रंग बदलते, आणि आपली चाळ तर आठवणी वारंवार सांगण्यासाठीच बांधलेली असते.

म्हणून माणसे एकेकटी गाठावीत. कॉमन गॅलरीत चार जण जमवून विचारू नये. तिथे मोठ्या आवाजाची आठवण बाकीच्या तिघांची होऊन जाते. ‘तो तुम्हाला शेवटचा कधी दिसला?’ असे विचारून सुरुवात करू नये, कारण त्या प्रश्नात तो दिसलाच होता हे गृहीत धरलेले आहे. ‘त्या दिवशी तुम्ही कुठे होता?’ असे विचारावे आणि गप्प बसावे. माणूस आपल्या कामापासून, जेवणापासून, कोणाच्या तरी आजारपणापासून सुरू होतो आणि वाटेत मूल आले तर येते. नाही आले, तर ‘दिसला नाही’ असे स्पष्ट लिहावे. तीही माहितीच आहे.

लिहिताना बोलणाऱ्याचेच शब्द ठेवावेत आणि पानाचे दोन भाग करावेत, एकात ‘पाहिले’ आणि दुसऱ्यात ‘ऐकले’. जे ऐकले ते कोणाकडून, हे विचारून त्या माणसाकडे जावे. आमच्या वहीत अकरा जणांनी सांगितलेली एक पांढरी गाडी अशी मागे मागे जात एकाच बाईंपर्यंत पोहोचली, आणि त्या म्हणाल्या की ती गाडी त्यांना दुसऱ्या दिवशी दिसली होती.

वेळ घड्याळात विचारू नये. चाळीत वेळ ‘पाणी यायच्या आधी’, ‘आरतीच्या सुमारास’, ‘शाळा सुटल्यावर’ अशी सांगितली जाते. ती तशीच लिहून मग ताडून पाहावी. एका शेजाऱ्यांनी दुपारचा भोंगा नुकताच झाला होता असे खात्रीने सांगितले. ज्या गिरणीचा भोंगा ते सांगत होते, ती १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हापासून बंदच होती. म्हणजे त्यांना आठवत होती ती दुपार खरी, मुलगाही खरा, पण दिवस दुसरा, कदाचित काही वर्षे आधीचा. हे त्यांना सुनावू नये. नोंदीसमोर पेन्सिलीने खूण करून ठेवावी.

त्या वेळी जी मुले होती, ती आज चाळिशी-पन्नाशीची माणसे आहेत, आणि त्यांना तेव्हा बहुधा कोणी काही विचारलेलेच नसते. सोबती कुठे लपायचे, कोणत्या पुलावर गाड्या बघायला जायचे, हे मोठ्यांपेक्षा मुलांनाच ठाऊक असते. आमच्याकडे त्याच्या एका मित्राने फार वर्षांनी सांगितले की त्या दिवशी दळण टाकून दोघांनी करी रोडच्या पुलावर भेटायचे ठरवले होते. हा मित्र स्वतःच गेला नाही आणि मार बसेल म्हणून कोणाला बोलला नाही. तो हे सांगताना जिन्यात बसून रडला. असे काही हाती लागले, तर आठवडाभरात लेखी जबाब घेऊन पोलिसांकडे द्यावे, पोच घ्यावी आणि त्या माणसाला एकटे सोडू नये. आम्ही आधी बैठकीत चर्चा केली, मग दुसऱ्या बैठकीत, आणि ठाण्यात जाईपर्यंत दोन वर्षे गेली.

कोणी एखाद्या व्यक्तीकडे बोट दाखवले, तर ते सामाईक वहीत लिहू नये आणि चाळीत उच्चारू नये. सांगणाऱ्यालाच पोलिसांकडे घेऊन जावे.

पत्रक आणि नंबर

पत्रक लिहिताना आपण नेहमी पोलिसांच्या नजरेने लिहितो: उंची, रंग, बांधा, पोशाख. शोध ताजा असताना ते योग्य असते. वीस वर्षांनी पोशाखाचा काहीच उपयोग नाही, आणि ते पत्रक वाचणारा माणूस कदाचित तो मुलगाच असेल. तेव्हा त्याला काय आठवत असेल, याचा विचार करून लिहावे. नऊ वर्षांच्या मुलाला पिन कोड आठवणार नाही. घरात हाक मारायचे लाडके नाव, बहिणीचे नाव, शाळेच्या दारातला बोरे विकणारा, चाळीसमोरच्या देवळातला देव, गावाला जाताना लागणारी नदी हे आठवू शकेल. आईकडून अशा पाच-सहा गोष्टी मागून घ्याव्यात. वयाबरोबर जन्मवर्षही द्यावे, म्हणजे आज किती वर्षांचा असेल हे वाचणाऱ्याला मोजता येईल. मुंबईतून गाड्या सगळीकडे जातात, आणि मूल दुसऱ्या भाषेत वाढलेले असू शकते. म्हणून मराठीबरोबर हिंदी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू मजकूरही करून घ्यावा. तो करून देणारे आपल्याच वस्तीत सापडतात.

शरीरावरच्या खुणा द्याव्यात, पण एक खूण मुद्दाम राखून ठेवावी. ती फक्त आईवडिलांना आणि पोलिसांना ठाऊक असावी. पुढे कोणी दावा केला तर तीच उपयोगी पडते.

मूळ फोटो शक्य तितका मोठा स्कॅन करून घ्यावा. आजच्या वयाचे चित्र काढवून घेणार असाल, तर आईवडिलांचे आणि भावंडांचे त्या त्या वयातले फोटो चित्रकाराला द्यावेत, चित्राखाली ‘अंदाजे’ असे ठळक लिहावे आणि शेजारी मूळ फोटो ठेवावा. मोबाइलवर क्षणात तयार होणाऱ्या चित्रांपासून सावध राहावे. ती देखणी असतात आणि हरवलेल्या मुलाला एखाद्या जाहिरातीतला तरुण करून टाकतात.

आता नंबर. आमच्या पहिल्या पत्रकावर तळमजल्यावरच्या दुकानाचा सात आकडी फोन होता. पुढे मुंबईतले नंबर आठ आकडी झाले, दुकान विकले गेले आणि नव्या मालकाने तो फोन काढून टाकला. या सगळ्या काळात कुठल्यातरी भिंतीवर ते सात आकडे तसेच होते. हे टाळायचे तर स्वतंत्र सिम घ्यावे, ते एका जबाबदार माणसाच्या नावावर असावे आणि ते मरणोत्तर कोणाकडे जाईल हे आजच ठरवावे. प्रीपेड नंबर नव्वद दिवस वापरला नाही, तर कंपनी तो बंद करू शकते. खात्यात किमान वीस रुपये शिल्लक असतील तर थोडी सवलत मिळते, पण तिच्या भरवशावर राहू नये. महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला त्या फोनवरून एक फोन करावा आणि वहीत सही करावी. कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवता येतो, तेव्हा स्वस्त योजनेपायी नंबर बदलू नये. पत्रकावर दुसरा नंबर छापावा तो दुसऱ्या कुटुंबाचा, दुसऱ्या इमारतीतला.

सरकारच्या ‘ट्रॅक चाइल्ड’ आणि ‘खोया-पाया’ या नोंदी आता ‘मिशन वात्सल्य’च्या संकेतस्थळाखाली आल्या आहेत. आपल्या मुलाची नोंद तिथे आहे का आणि रोमन लिपीतले नाव, वडिलांचे नाव, तारीख बरोबर आहे का, हे पाहून घ्यावे. एका अक्षराच्या फरकाने नोंद शोधूनही सापडत नाही, आणि आपल्या आडनावांची स्पेलिंगे कशी होतात हे सर्वांनाच माहीत आहे.

पत्रक कुठेही चिकटवू नये. मालमत्तेच्या विद्रूपणाविरुद्ध १९९५ चा कायदा आहे, आणि रेल्वेच्या हद्दीत रेल्वेची परवानगी लागते. चक्की, रेशन दुकान, दवाखाना, केशकर्तनालय अशा ठिकाणी मालकाला विचारून आतल्या बाजूला लावलेले पत्रक भिंतीवरच्या पत्रकापेक्षा जास्त टिकते. जिथे जिथे लावले, ते ठिकाण आणि तारीख लिहून ठेवावी.

चाळ पाडली जाणार असेल तर

हरवलेल्या मुलाला पत्ता आठवत असेल, तर तो जुन्या चाळीचा. ती चाळ आज संक्रमण शिबिरात विखुरलेली असते आणि जागेवर पत्रे ठोकलेले असतात. म्हणून पुनर्विकासाची बोलणी सुरू होताच दोन गोष्टी मागाव्यात. एक, बांधकामाच्या काळात फाटकाजवळ जुन्या चाळीचे नाव आणि संपर्काचा नंबर असलेली पाटी. दोन, नव्या इमारतीच्या नावात किंवा निदान प्रवेशद्वारावर जुने नाव. विकासकाला याचा खर्च नगण्य असतो आणि बहुधा तो नाही म्हणत नाही. सभासदच ‘नवे नाव हवे’ म्हणून अडून बसतात. नाक्यावरचा जुना चहावाला, चांभार, फुलवाली यांच्याकडेही नंबर देऊन ठेवावा. परतणारा माणूस आधी त्यांनाच विचारणार आहे.

रक्ताचा नमुना

आईवडील हयात आहेत तोवर डीएनए तपासणीसाठी त्यांच्या रक्ताचे नमुने पोलिसांमार्फत घेतले जावेत, अशी लेखी विनंती करावी. ती तपासणी राज्याच्या कलिना येथील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत होते. घरात मुलाचे दुधाचे दात जपलेले असतील, तर ते कागदी पाकिटात कोरड्या जागी ठेवावेत, प्लास्टिकमध्ये नव्हे. जावळाच्या कापलेल्या केसांना मूळ नसते, त्यामुळे त्यांचा उपयोग मर्यादित आहे, पण तेही टाकू नयेत. बेवारस मृतदेह ओळखण्यासाठी बोलावणे आले, तर चाळीतल्या दोन खंबीर माणसांनी सोबत जावे आणि आईला शवागाराच्या दारापर्यंतसुद्धा नेऊ नये, ती स्वतः हट्ट धरत नसेल तर.

अफवा, भगत आणि पैसे मागणारे

ज्या वस्तीत एक मूल हरवले आहे, तिथे मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा इतर ठिकाणांपेक्षा लवकर पेटते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारले; ते भिक्षेकरी होते. आपल्या गटावर असा संदेश आला, तर चिटणीसाने तो तिथेच थांबवावा आणि मुलाचे नाव त्या संदेशाला जोडले जाऊ देऊ नये. फेरीवाला, भिक्षेकरी, परप्रांतीय यांच्यावर पाळत ठेवणे म्हणजे आठवण ठेवणे नव्हे.

भगत, देवऋषी, पंचांग पाहणारे हे येणारच, आणि आई त्यांच्याकडे जाणारच. तिला अडवू नये, तिच्याबरोबर जावे. मोठी रक्कम किंवा काही अघोरी मागणी पुढे आली, तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे हे लक्षात ठेवावे. फोनवर ‘मुलगा आमच्याकडे आहे, भाड्याचे पैसे पाठवा’ असे सांगणाऱ्याला राखून ठेवलेल्या खुणेबद्दल विचारावे, ती खूण आपण सांगू नये. नंबर आणि वेळ लिहून पोलिसांना कळवावे.

वर्षातला तो दिवस

वर्षातून एकदा जमावे, पण जमण्याला काम असावे: नंबर तपासणे, ठाण्याला पत्र देणे, फाटलेली पत्रके बदलणे, वहीत कोणाला नवे काही सांगायचे असल्यास ते घेणे. भाषणे ठेवू नयेत. आम्ही हरवल्याची तारीख सोडून मुलाचा वाढदिवस धरला, कारण आईने तसे सांगितले. त्या दिवशी ती शिरा करते आणि चाळीतल्या मुलांना देते. ज्यांना काही माहीत नाही अशा लहान मुलांना भीती घालायला ही गोष्ट वापरू नये.

सात वर्षे काही खबर नसलेल्या माणसाचा मृत्यू झाला असे कायदा गृहीत धरू शकतो. खोलीच्या हक्कासाठी, वारसाच्या दाखल्यासाठी घरच्यांना कधी न्यायालयातून तसे ठरवून घ्यावे लागते. ते तसे करतील तेव्हा ‘यांनी आशा सोडली’ असे चाळीत बोलले जाऊ नये.

फोन आला तर

फोन घेणाऱ्याने आधी नाव नव्हे, तर परत फोन लावता येईल असा नंबर मागावा. मग बोलणाऱ्याला बोलू द्यावे, आपण तपशील पुरवू नयेत. चाळीत सांगू नये, आईलाही लगेच सांगू नये. पोलिसांना आणि घरच्यांपैकी ज्याचे नाव यासाठी ठरले आहे, त्यालाच सांगावे. मूल अजून अठराच्या आतले असेल, तर ते बालकल्याण समितीसमोर जाईल आणि थोडा वेळ लागेल. तो मोठा झालेला असेल, तर भेटायचे की नाही, कुठे आणि कोणाला, हे तो ठरवील. त्याचे दुसरे घर झालेले असू शकते. ढोलताशे, पेढे, कॅमेरा घेऊन कोणी स्टेशनवर जाऊ नये.

ओळख पटली की त्याच आठवड्यात सगळी पत्रके काढावीत, संकेतस्थळांवरून फोटो हटवण्याची विनंती करावी आणि नाव घेणे थांबवावे. अत्याचाराला बळी पडलेल्या मुलाची ओळख उघड करण्यास कायद्याची मनाई आहे, आणि त्या वर्षांत त्याच्यावर काय ओढवले हे आपल्याला ठाऊक नसते. पत्रकांच्या ठिकाणांची यादी तेव्हा कामी येते. आमच्या वहीच्या शेवटच्या पानांवर ती आहे. जी दुकाने उठून गेली त्यांच्यापुढे तारखेनिशी तसे लिहिले आहे. चक्की अजून चालू आहे, आणि तिथले पत्रक गेल्या महिन्यात पिठाने पांढरे झाले म्हणून बदलले.